साडेआठ किलोंचं कोकण

30 ऑक्टोबर 2022. पहाटे चारच्या सुमारास पायाशी ओलं लागलं आणि मी उठून बसले. दिवेआगरहून श्रीवर्धनला समुद्राच्या कडेकडेने रस्ता जातो, त्या रस्त्याखालच्या वाळूत आम्ही दोघी मैत्रिणींनी तंबू लावला होता. टॉर्च लावून पाहिलं तर एक लाट दाराशी येऊन परत गेली होती आणि समुद्राकडच्या दोन्ही खुंट्या वाळूतून उपटून आल्या होत्या. काळोखात, अनवाणी, आम्ही सगळं सामान रस्त्यावर नेलं. माझं एकटीचं सामान एकवीस किलो होतं. तीन खेपा झाल्या. उजाडेपर्यंत सायकलींना टेकून बसलो आणि सकाळी बोर्लीपंचतनहून मुंबईला निघालेल्या एका टेम्पोत सायकली टाकून घरी आलो. मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत सायकलने जायचं म्हणून निघालो होतो. तिसऱ्याच दिवशी परतलो.

घरी कुणी काही बोललं नाही, पण मला फार वाईट वाटलं. मी ठाण्यात शाळेत शिकवते, मोठी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यातच मिळते, आणि मे महिन्यात कोकणात सायकल चालवणं माझ्या आवाक्यातलं नाही. म्हणजे पुन्हा जायचं तर वर्षभर थांबणं आलं. त्या वर्षात आम्ही जे शिकलो आणि पुढच्या दिवाळीनंतर जे करून पाहिलं, ते इथे लिहिते आहे. माझ्यासारखं कुणी कोकणात सायकलने जाऊन उघड्यावर झोपायचं ठरवत असेल, तर त्याची तशी पहाट तरी टळावी.

आधी त्या लाटेचंच सांगते. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, भरतीचा हिशोब त्याच्या तोंडावर असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. आम्ही झोपलो त्या दिवशी कार्तिक शुद्ध पंचमी होती. पाच पाऊणे पावणेचार. पाणी अगदी वेळेवर आलं होतं. घड्याळाला लावून चालणारं हे गणित नाही, थोडं इकडेतिकडे होतं. पण तंबू कुठे लावायचा हे ठरवायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, अष्टमीच्या आसपास भांगाची असते आणि कमी चढतं. वाळूत शेवाळ, काटक्या, प्लॅस्टिक यांची जी ओळ पडलेली असते ती मागच्या भरतीची खूण. आम्ही ती ओळ पाहिली होती. तिच्या वर चार पावलं तंबू लावला आणि तेवढं पुरेल असं धरून चाललो.

खुंट्यांचंही तसंच. वाळूत साधी खुंटी धरत नाही, वारा आला की निघते. त्याऐवजी कापडी पिशवीत वाळू भरायची, तिला तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. नारळाच्या झावळीचा सुका दांडा दोरीला बांधून आडवा पुरला तरी चालतं. आता मात्र मी वाळूत तंबू लावतच नाही. त्याचं कारण पुढे वेळासच्या ठिकाणी येईल.

खरी चूक मात्र सामानाची होती. घरी आल्यावर मी सगळं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून मोजलं आणि वहीत लिहिलं. हे काम प्रत्येकाने निघायच्या आधी करावं असं मी अगदी हात जोडून सांगेन. तंबू 3 किलो 800 ग्रॅम. झोपायची पिशवी 1 किलो 900, तीही हिमालयात चालेल अशी उबदार, कोकणात जिच्यात घामाने भिजायला झालं. गॅसची शेगडी, डबी, दोन पातेली, पकड मिळून 1 किलो 600. कपडे साडेचार किलो. खाऊ तीन किलो. हत्यारं दोन किलो, त्यात एक मोठा पाना, जो आमच्या सायकलीच्या एकाही नटाला लागत नव्हता. उरलेलं बॅगांचं आणि किरकोळ. प्रत्येक वस्तू घेताना ‘असू दे, लागेल’ म्हटलं होतं.

या वजनाचा त्रास सपाटीवर फारसा कळत नाही. मांडव्याहून अलिबाग, रेवदंड्यापर्यंत आम्ही मजेत गेलो. काशीदच्या आधीचा चढ आला तेव्हा उतरून ढकलायला लागलो. दुसऱ्या दिवशी दिघीला जेटीवरून उतरलो आणि वरचा चढ बघून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चढावर लागणारा जोर एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो, इतका साधा हिशोब आहे. माझं वजन 58, सायकल 15, सामान 21, एकूण 94 किलो. दुसऱ्या वेळी सामान साडेआठ, म्हणजे एकूण साडेएक्याऐंशी. प्रत्येक चढावर 13 टक्के काम कमी झालं. दिवसाकाठी एवढा फरक पडला की संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर माणसांशी बोलायचं त्राण उरायचं. पहिल्या वेळी ते उरत नव्हतं, म्हणून तर कुणाला न विचारता वाळूत तंबू ठोकला.

आणि कोकणात चढ संपत नाहीत. नकाशावर सागरी मार्ग समुद्राला चिकटून जाताना दिसतो, त्यामुळे तो सपाट असेल असं नवख्याला वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. प्रत्यक्षात दर पंधरा-वीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते. खाडीशी रस्ता समुद्रसपाटीला येतो आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, असतो, शंभर-दीडशे मीटर उंच. खाडीतून सड्यावर, सड्यावरून पुन्हा खाडीत. एका दिवसात असं तीन-चार वेळा झालं की साठ किलोमीटरमध्ये तीनशे ते सहाशे मीटर चढ होतो. म्हणून कोकणात दिवसाचं अंतर किलोमीटरवर ठरवू नका, खाड्या मोजा. आमचा अनुभव असा की दिवसाला तीन खाड्या म्हणजे भरपूर.

वर्षभरात सायकलीत दोन बदल केले. माझी साधी हायब्रिड सायकल आहे, पुढे तीन चक्र्या, सगळ्यात लहान 28 दात्यांची. मागचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्र्यांचा गठ्ठा, 14-28 दात्यांचा होता. तो काढून 14-34चा बसवला. दुकानदाराने आधी डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, तेवढ्या मोठ्या चक्रीला पुरेल का ते बघितलं आणि साखळी नवी, थोडी लांब घातली. आधी सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलच्या एका फेऱ्यात चाक एकदा फिरायचं, आता 0.82 वेळा फिरतं. ऐकायला एवढासा फरक, पण चढावर बसून चालवणं आणि उतरून ढकलणं यातला फरक हाच आहे. दुसरा बदल टायरचा. 28 मिलिमीटरचे काढून 35चे घातले आणि हवा मागे 55, पुढे 50 पीएसआय ठेवली. कोकणातल्या आतल्या रस्त्यांना खडीचे पट्टे आणि खड्डे खूप. रुंद टायरला थोडी कमी हवा असली की मनगटं आणि मागचं चाक दोन्ही वाचतात.

सामानाचं म्हणाल तर मोठा खर्च न करता वजन उतरतं. तंबूच्या जागी साडेपाचशे ग्रॅमची ताडपत्री, म्हणजे पातळ नायलॉनचं छत, आणि खाली टांगायची तीनशे ग्रॅमची मच्छरदाणी घेतली. ताडपत्री दोन झाडांना किंवा दोन उभ्या सायकलींना बांधता येते. उबदार पिशवी घरीच ठेवली. आईची एक जुनी सुती नऊवारी दुहेरी करून तीन बाजूंनी शिवली, तिची 410 ग्रॅमची झोळीसारखी पिशवी झाली. नोव्हेंबरातल्या कोकणातल्या रात्रीला तेवढी ऊब पुरते, आणि पहाटे गार वाटलं तर अंगात विंडचीटर घालता येतो. खाली घडीची फोमची चटई, चारशे ग्रॅम. हवा भरायची चटई आणखी मऊ असते, पण जांभ्याच्या एका कणाने फुटते. कपडे: सायकलच्या दोन अर्ध्या चड्ड्या, दोन टीशर्ट, रात्रीसाठी एक सुती सलवार-कुर्ता, विंडचीटर. मुक्कामाला पोचल्याबरोबर आधी चड्डी धुवायची, मग चहा. घामाची चड्डी दुसऱ्या दिवशी घातली की बुडाखाली फोड येतात आणि त्यांच्यासह सायकलवर बसता येत नाही. सकाळी निघताना खोबरेल तेल लावावं. हे लाजण्यासारखं नाही, उघड बोलायला हवं. पाळीचंही तेच: प्रवासात तारीख येणार असेल तर आपल्याला सवयीचं जे असेल तेच सोबत घ्या, नवा प्रयोग रस्त्यावर करू नका.

शेगडी सोडायची की नाही यावर आमची दोघींची सगळ्यात जास्त चर्चा झाली. मैत्रिणीला पहाटेचा चहा लागतो. शेवटी हिशोब असा केला की या रस्त्यावर दर दहा किलोमीटरला वाडी आहे, सहा-साडेसहाला कुठेतरी टपरी उघडते, आणि परतीच्या रेल्वेत गॅसची डबी नेता येत नाही. शेगडी राहिली. पूर्ण प्रवासात तिची आठवण दोनदा आली, दोन्ही वेळा पहाटे. लडाखला किंवा स्पितीला जायचं तर हा हिशोब वेगळा होईल, तिथे शेगडीवाचून चालणार नाही. आपण कुठे जातो आहोत ते बघून सामान ठरवायचं. दुसऱ्याची यादी उतरवून घेतली की त्याच्या डोंगराचं ओझं आपण वाहतो.

अशी 8 किलो 450 ग्रॅमची यादी तयार झाल्यावर आधी एक रात्र गच्चीवर झोपलो. मग सप्टेंबरपासून दर रविवारी भरलेल्या बॅगा लावून येऊरचा चढ चढलो. रिकाम्या सायकलवर केलेला सराव इथे कामाचा नाही, भरलेली सायकल वळणावर वेगळी वागते आणि उतारावर उशिरा थांबते. येऊरच्या उतारावरच मला कळलं की माझे मागचे ब्रेकपॅड संपत आले आहेत.

16 नोव्हेंबर 2023ला, भाऊबीज उरकून, भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावं, हे मी आता ठामपणे सांगते. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा बहुतेक वायव्येकडून असतो, तो आपल्या पाठीला लागतो. उलट्या दिशेने येणारा एक सायकलवाला आम्हाला हर्णैजवळ भेटला, त्याच्या चेहऱ्यावर तो वारा दिसत होता. रात्री वारा उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहू लागतो. संध्याकाळी वारा अडवावा म्हणून समुद्राच्या बाजूने छत खाली उतरवलं असेल, तर मध्यरात्रीनंतर उघड्या बाजूने गार वारा आत येतो. म्हणून आम्ही झोपताना जमिनीकडची बाजू खाली बांधायचो.

दिवसाचा क्रम पहिल्या दोन दिवसांत बसला. उजाडता उजाडता निघायचं. साडेदहा-अकरापर्यंत दिवसाचे मोठे चढ संपवायचे. मग जेवण, सावली, रात्रीच्या दवाने भिजलेलं छत वाळत घालणं, फोन चार्जिंगला. साडेतीनला पुन्हा निघायचं आणि साडेपाचच्या आत मुक्कामाची जागा पक्की करायची. अंधारात जागा शोधायची नाही, हा एकच नियम आम्ही दहाही दिवस पाळला. दव हा कोकणातला मोठा विषय आहे. मोकळ्या मैदानात छत पहाटे पाण्याने ठिबकतं. आंब्या-फणसाच्या दाट झाडाखाली ते जवळजवळ कोरडं राहतं. नारळाखाली मात्र कधीही झोपू नका. नारळ पडायला वारा लागत नाही, आणि झाप पडली तरी डोकं फुटतं. वाडीतल्या माणसांना हे सांगावं लागत नाही, शहरातल्यांना सांगावं लागतं.

पाणी जवळ सव्वादोन लिटर ठेवायचो, आणि सड्याला लागायच्या आधी शेवटच्या घरी पुन्हा भरून घ्यायचो, कारण वर सड्यावर ना झाड ना विहीर. दुपारी नुसतं पाणी प्यायलं तर मला मळमळायचं. कोकम सरबतात मीठ जास्त घालून मागायला लागले तेव्हा ते थांबलं. शहाळं, ताक, कोकम यांवर अख्खा प्रवास झाला, ओआरएसच्या पुड्या घरी परत आल्या. सकाळी जिथे मिळाली तिथे उकड्या तांदळाची पेज घेतली. भाजक्या पोह्यांपेक्षा आणि बिस्किटांपेक्षा ती चढावर जास्त वेळ टिकते. बॅगेत शेंगदाणे, गूळ, खजूर, पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या आणि मेतकूट. यापलीकडे खाऊ वाहू नका, गावोगावी दुकानं आहेत.

जंगलजेट्या, म्हणजे खाडी ओलांडून माणसं आणि गाड्या नेणाऱ्या बोटी, मला फार आवडतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सायकलला तिकीट अगदी थोडं असतं आणि दहा-पंधरा मिनिटं पाय लांब करून बसता येतं. बोटीवर ज्यांची रोजची ये-जा असते, त्यांना पुढच्या रस्त्याचं सगळं ठाऊक असतं: कुठली घाटी खोदून ठेवली आहे, कुठे विहिरीचं पाणी गोडं आहे. फोनच्या नकाशाने आम्हाला दोनदा अशा वाटेवर घातलं जिथे पुढे होडीच नव्हती. बोटीवरच्या माणसांनी एकदाही चुकीचं सांगितलं नाही. एक काळजी घ्या, सायकल बोटीच्या रेलिंगला दोरीने बांधा. बोट धक्क्याला लागताना हिसका बसतो आणि पडलेल्या सायकलचा डिरेलर वाकतो.

वेशवीला उतरल्यावर बाणकोटवरून वेळासला गेलो. ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002च्या सुमारास सुरू केलं आणि गावाने ते आपलं मानलं. नोव्हेंबरपासून माद्या रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. उजेड दिसला, माणसांची हालचाल दिसली, की अंडी न घालता परत फिरतात. गावात ज्यांच्याकडे जेवलो त्या काकांनी विचारलं, ‘किनाऱ्यावर झोपणार नाही ना?’ आधीच्या वर्षीची पहाट मला आठवली. वाळूत, टॉर्च लावून, दोन तास आम्ही धावपळ करत होतो. त्या रात्री तिथे एखादी मादी आली असेल आणि परत गेली असेल, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावं ऐकलेली असतात, पण कासव गावाचं नाव वाचून येत नाही. कोकणातला कुठलाही निवांत वाळूचा किनारा तिचा असू शकतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल वाळूत मुक्काम नाही. सुरूच्या बनामागे, वस्तीजवळ, विचारून.

गुहागर सोडलं आणि हेदवीच्या पुढे मैत्रिणीच्या मागच्या चाकाची तार तुटली. टणकन आवाज आला आणि चाक ब्रेकला घासू लागलं. तुटली ती उजव्या बाजूची, चक्रीच्या मागची. मागच्या चाकात उजव्या तारांवर सगळ्यात जास्त ताण असतो, त्यामुळे बहुतेक वेळा तीच तुटते, आणि ती बदलायला फ्रीव्हील काढावा लागतो. फ्रीव्हील काढायचं लहानसं हत्यार, पन्नास-साठ ग्रॅमचं, आम्ही जवळ ठेवलं होतं. ते फिरवायला लागणारा मोठा पाना मोटारसायकलच्या कुठल्याही गॅरेजात असतो, तो वाहायची गरज नाही. मोकळ्या लोंबणाऱ्या तारेचा तुकडा शेजारच्या तारेला चिकटपट्टीने बांधला, ब्रेक सैल केला, मागची बॅग माझ्या सायकलवर घेतली आणि सहा किलोमीटर हळू चालवत एका गॅरेजापर्यंत गेलो. गॅरेजवाल्या दादांनी सायकलचं फ्रीव्हील आयुष्यात काढलं नव्हतं, पण हत्यार हातात घेऊन क्षणभर पाहिलं आणि चाक पान्याशी उलटं धरून एका झटक्यात सैल केलं. जादा तारा आम्ही दोन्ही बाजूंच्या मापाच्या घेतल्या होत्या. उजवी तार डावीपेक्षा दोन-एक मिलिमीटरने आखूड असते; दुकानातून घेताना आपल्या चाकाला लावून माप बघा, अंदाजाने घेऊ नका. तासाभरात तार बसली. दादांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्यांच्या टपरीवर आम्हालाच द्यायला लावला.

दुरुस्तीच्या बाकी सामानात दोन ट्यूब, चिकटवायचे पॅच, टायरचे लिव्हर, लहान पंप, अॅलनचा गुच्छ, साखळीची जोडकडी, ब्रेकपॅडची एक जोडी आणि तेलाची छोटी कुपी एवढंच. सगळं मिळून सव्वा किलो. पंक्चर दहा दिवसांत तीन झाले, तीनही बाभळीच्या काट्यांनी. खाऱ्या हवेने साखळी दोन दिवसांत तांबूस होते, म्हणून दर मुक्कामाला फडक्याने पुसून थेंबभर तेल.

गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंडला केशवसुतांच्या घरी थांबलो. आरे-वारेचा रस्ता सकाळच्या उन्हात पाहिला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आडिवऱ्याच्या सड्यावर मी फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, पाहिलं. वीतभर लांब, दगडाच्या रंगाचं, पायापासून चार फुटांवर. रत्नागिरी आणि देवगडच्या जांभ्याच्या सड्यांवर फुरशी भरपूर असतात आणि ती नुसत्या नजरेला दिसत नाहीत, एवढी मातीत मिसळतात. दुपारी सावलीसाठी गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या, आडोशाला बसायची फार इच्छा होते. बसू नका, आणि दगड हाताने उचलू नका. रात्री बूट मच्छरदाणीच्या आत घ्या, सकाळी झटकून घाला. लघवीला उठताना टॉर्च आधी खाली जमिनीवर मारा. चावलंच तर पट्टी आवळून बांधत बसू नये, चालायला लावू नये, सरळ गाडीने ग्रामीण रुग्णालयात न्यावं. म्हणून प्रत्येक मुक्कामाला पोचलं की आम्ही एक प्रश्न विचारायचो: इथून जवळचं सरकारी रुग्णालय कुठे. तो प्रश्न ऐकून लोक आधी दचकायचे, मग समजून घ्यायचे.

मुक्काम मागायचं कसं, हे बायकांनी मला सगळ्यात जास्त विचारलं आहे. दोघी बाया, सायकलवर, अनोळखी गावात. आमची पद्धत अशी: संध्याकाळी पाचला गावातल्या किराणा दुकानाशी थांबायचं, काहीतरी विकत घ्यायचं, आणि दुकानात जी बाई असेल तिला विचारायचं, ‘ताई, आम्ही रात्रीपुरतं कुठे छत बांधू? देवळाजवळ चालेल का?’ पुरुषाला विचारलं तर तो लॉजचं नाव सांगतो. बाई घर सांगते. दहा रात्रींत दोनदा देवळाच्या सभामंडपात झोपलो, एकदा सरपंचांना विचारून शाळेच्या व्हरांड्यात, एकदा पाऊस आला म्हणून पैसे भरून घरगुती खोलीत, आणि बाकी सहा रात्री कुणाच्या ना कुणाच्या अंगणात किंवा पडवीत. देवळात झोपलो तर पहाटे झाडून, उठून, पूजेच्या आधी बाहेर. अंगणात झोपलो तर निघताना खाण्याचे पैसे विचारायचे, आणि नको म्हणाले तर आग्रह धरायचा नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला खाऊ. सामान कमी असलं की अंगण मागायला संकोच वाटत नाही, कारण मागतो ते खरंच एका चटईपुरतं असतं. पहिल्या वेळी एकवीस किलोंच्या बॅगा घेऊन आम्ही कुणाच्या दारात उभ्या राहिलो असतो, तर घरातल्यांना वाटलं असतं की या राहायलाच आल्या.

24 नोव्हेंबरची संध्याकाळ मालवण सोडून परुळ्याच्या बाजूला एका वाडीत झाली. द्वादशी होती. वाटेत घरोघर खळी, म्हणजे घरापुढची अंगणं, सारवलेली, तुळशीवृंदावनं रंगवलेली, वृंदावनाला ऊस टेकवलेले. दुकानातल्या बाईने एका आजींचं घर दाखवलं. आजींनी आमच्या सायकली, बॅगा आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आधी लगीन जांव दे, मगे बघूया.’ आम्हाला तुळशीच्या लग्नात अंतरपाट धरायला लावलं. आवळे, चिंचा, चुरमुरे-गूळ हातावर आले. वाडीतली पोरं एका खळ्यातून दुसऱ्या खळ्यात पळत होती, तशी आम्हीही चार घरची लग्नं लावून आलो. परत येऊन मी मच्छरदाणी काढून दोरी कुठे बांधावी ते बघत होते, तर आजी दारात येऊन रागावल्या. ‘अगो, भायर कित्याक निजतास? पडवेत येवा.’ पडवीत चटया टाकल्या. आईच्या साडीची पिशवी पाहून त्यांनी ती हातात घेतली, शिवण तपासली, आणि काठाला हात लावत विचारलं की आई आहे का. आहे म्हटलं. ‘बरा आसा,’ म्हणाल्या. निघताना त्यांनी अर्धा किलो आमसुलं बांधून दिली, आणि मी ती नको म्हटली नाही.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ले, शिरोडा करत दुपारी रेडीच्या गणपतीसमोर सायकली उभ्या केल्या. मीटरवर 548 किलोमीटर.

परतीचं सांगून थांबते, कारण ते आधी ठरवलं नाही तर शेवटचा दिवस वाया जातो. कोकण रेल्वेच्या मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल ब्रेकव्हॅनमध्ये चढवणं कठीण. तुतारी एक्सप्रेस सावंतवाडीहूनच सुटते, त्यामुळे वेळ मिळतो. निदान दोन तास आधी जा, ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, सायकलला नाव, स्टेशन आणि फोन लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा, मीटर, दिवा, पंप काढून घ्या, पॅडल उलटी फिरवून आत वळवा. मी चेनच्या बाजूला जुनी चादर गुंडाळून घेतली होती. पार्सल कचेरीत सायकल मोजून झाल्यावर मी तिथल्या काट्यावर माझ्या दोन्ही बॅगाही ठेवून पाहिल्या. दशम्या, मेतकूट, तेल संपलं होतं, आमसुलं वाढली होती. काटा 8 किलो 600 वर थांबला.